त्रिगुणी लसीनंतरची चाळीस वर्षं

मंडळी, आज आपण परळमध्ये जमलो आहोत, तेव्हा सुरुवात ज्यांच्या नावाची संस्था इथे आहे, त्या शास्त्रज्ञ हाफकिनांपासूनच करतो. मुंबईत प्लेग पसरला तेव्हा भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्या लसीचं संरक्षण काही महिनेच टिकायचं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. एकदा टोचून घेतलं की जन्माची निश्चिंती, ही समजूत तेव्हाही खरी नव्हती.

गोवराच्या लसीचे दोन डोस बहुतेकांना आयुष्यभर पुरतात. त्रिगुणीचं, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात या तिन्हींवरच्या लसीचं, तसं नाही. डांग्या खोकल्याविरुद्धची ताकद काही वर्षांतच ओसरते. घटसर्प आणि धनुर्वाताच्या प्रतिपिंडांची (अँटिबॉडीजची) पातळी सावकाश उतरत जाते, म्हणून दर दहा वर्षांनी टीडीचा, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाच्या लसीचा, एक डोस घ्यायचा. सरकारी वेळापत्रकात टीडी दहाव्या आणि सोळाव्या वर्षी आहे. पुढे बोलावणं येतं ते फक्त गरोदर बाईला. बाकीचे सगळे तिथून सुटतात, आणि मला काळजी आहे ती त्यांचीच.

धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी लस घेतली म्हणून तुमचा बचाव होत नाही. इतकंच काय, एकदा धनुर्वात होऊन गेला तरी प्रतिकारशक्ती येत नाही. माणूस आडवा करायला त्याचं इतकं थोडं विष पुरतं, की शरीराला त्याची ओळखच पटत नाही.

दवाखान्यात पत्र्याने हात कापलेला माणूस येतो. ‘डॉक्टर, टीटी द्या.’ म्हणजे धनुर्वाताचं इंजेक्शन. मागचं कधी घेतलं होतं? तो बायकोकडे बघतो. ‘पायात खिळा गेला होता ना, तेव्हा.’ ते कधी, हे दोघांनाही आठवत नाही. पोरांची लसीकरणाची कार्डं प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात जपलेली असतात, स्वतःच्या लसीचा चिठोराही नसतो. आणि आम्हाला तर तेवढंच हवं असतं. पहिले डोस पूर्ण झालेले असतील, तर स्वच्छ जखमेला शेवटच्या डोसपासून दहा वर्षं धरतात, त्यापुढे नवा डोस. जखम माती-शेणाने मळलेली असेल तर पाचच. आणि कृपा करून नुसतं टीटी मागू नका, टीडी मागा. त्याच सुईत घटसर्पाचीही सोय होते.

घरात बाळ येणार असेल तर डांग्या खोकल्याचाही विचार करा. आजोबांना तो साधा रेंगाळलेला खोकला वाटतो, पण महिन्याभराच्या बाळाचा त्यात श्वास थांबू शकतो, आणि बाळाचा पहिला डोस सहाव्या आठवड्याला असतो. हा घटकही असलेली मोठ्यांची लस खासगीत मिळते. गरोदरपणी आईने ती घेतली, तर प्रतिपिंडं बाळाला पोटातच पोचतात.

समोर साठीच्या पुढचे बरेच जण दिसताहेत. देशात लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम सुरू झाला १९७८ मध्ये. त्याआधी जन्मलेल्या अनेकांना त्रिगुणी मिळालीच नाही. त्यांचं एका बूस्टरने भागत नाही. तीन डोस लागतात: पहिला आज, दुसरा चार आठवड्यांनी, तिसरा त्यानंतर सहा ते बारा महिन्यांनी. पंचाहत्तरीतही सुरुवात करता येते.