थैली फलाटावर राहिली

नमस्कार श्रोतेहो.

मी टपाल खात्यातला माणूस. नोकरीची बरीचशी वर्षं आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे डाक सेवेत, रात्रपाळीला पत्रांच्या खणांसमोर उभं राहून गेली. आम्हाला एकाच गोष्टीची धास्ती असायची. गाडी वेळेवर सुटली आणि थैली फलाटावर राहिली, तर? गाडी वेळेवर सुटली म्हणून आमची पाठ कोणी थोपटत नसे. थैली का राहिली, याचा जाब मात्र द्यावा लागे.

२०२०च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या टपाल खात्यात हेच घडलं. आणि त्या थैल्यांमधून लोकांची मतं जायची होती.

आपल्याकडे टपाली मतदान म्हटलं की सैनिक आठवतात, निवडणुकीच्या कामावरचे कर्मचारी आठवतात. तिकडे तसं नाही. ओरेगॉन राज्यातल्या लोकांनी १९९८ साली कौल देऊन सगळं मतदानच टपालाने करायचं ठरवलं. पुढे आणखी राज्यं त्या वाटेने गेली. २०२०मध्ये कोरोना आला आणि देशातल्या साधारण ४३ टक्के मतदारांनी टपालाने मत दिलं. माझी मुलगी न्यू जर्सीत राहते. त्या वर्षी तिथल्या राज्यपालांनी नोंदणी असलेल्या प्रत्येक मतदाराच्या घरी मतपत्रिका पाठवायला लावली. तिने फोनवर मला पहिला प्रश्न विचारला तो असा: "बाबा, वेळेत पोचेल ना?"

मला एरवी अशा प्रश्नाचं उत्तर लगेच देता येतं. त्या दिवशी आलं नाही.

मतपत्रिकेचा प्रवास साध्या पत्रासारखा एकेरी नसतो. अनेक राज्यांत मतदाराचा अर्ज आधी कचेरीत जातो, मग कोरी मतपत्रिका घरी येते, मग भरलेली मतपत्रिका परत जाते. तीन फेऱ्या. प्रत्येक फेरीत दोन-दोन दिवस जास्त लागले तर आठवडा हातातून जातो. पेनसिल्व्हेनियात अर्ज करायची शेवटची तारीख मतदानाच्या अवघा आठवडाभर आधीची होती. जुलैच्या अखेरीस टपाल खात्याच्या मुख्य वकिलाने ४६ राज्यांना आणि राजधानीला पत्रं लिहून कळवलं, की तुमच्या मुदती आमच्या वेगात बसत नाहीत, काही मतं वेळेत पोचणार नाहीत. पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मग मतं स्वीकारायला तीन दिवस वाढवून दिले.

आता फलाटाकडे येतो. जूनमध्ये लुई डिजॉय पोस्टमास्टर जनरल, म्हणजे टपाल खात्याचे प्रमुख, झाले. त्यांचा आग्रह होता की ट्रक ठरल्या मिनिटाला सुटलेच पाहिजेत. उशिराच्या आणि जादा फेऱ्यांवर बंधनं आली. ऐकायला शिस्त वाटते. पण सॉर्टिंग संपलं नसेल आणि ट्रक सुटला, तर ते टपाल उद्यापर्यंत जमिनीवर पडून राहतं. उद्या त्यावर उद्याचं टपाल येऊन पडतं. त्याच सुमारास सॉर्टिंगची शेकडो मशीनं काढली जात होती, रस्त्यावरच्या निळ्या टपालपेट्या उचलल्या जात होत्या. आरडाओरडा झाल्यावर १८ ऑगस्टला डिजॉय यांनी जाहीर केलं की हे बदल निवडणूक होईपर्यंत थांबवतो. काढलेली मशीनं सगळीकडे परत बसली, असं मात्र झालं नाही.

यात सगळ्यात अवघड जागी सापडल्या त्या नागरी हक्कांच्या संघटना. याविषयी मला जरा सावकाश बोलायचं आहे. एनएएसीपी ही १९०९ साली स्थापन झालेली, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना. दक्षिणेतल्या राज्यांत कृष्णवर्णीयांना मतदानाचा हक्क खऱ्या अर्थाने मिळाला तो १९६५च्या कायद्याने, मार खाऊन, रक्त सांडून. अशा घरांत स्वतः केंद्रावर जाऊन, आपल्या हाताने मत देण्याला फार मोल आहे. कोरोनात या संघटनांनी लोकांना समजावलं, की जिवाला जपा, मत टपालाने पाठवा. लोक तयार होऊ लागले, आणि ऑगस्टमध्ये टपालाचाच भरवसा उरला नाही. मग पुन्हा त्याच दारांवर जायचं, त्याच आजीला सांगायचं, की टाकू नका पेटीत, नाहीतर फार लवकर टाका, नाहीतर केंद्रावरच चला. भरवसा एकदा डळमळला की पुन्हा बसवायला किती खेपा घालाव्या लागतात, ते कुठल्याही कार्यकर्त्याला विचारा.

शिवाय या संघटनांचं बरंचसं काम टपालावरच चालतं. नोंदणीचे अर्ज, तारखांची आठवण, केंद्राचा पत्ता, सगळं पाकिटातून जातं. व्होट फॉरवर्ड नावाची संस्था आहे. तिचे स्वयंसेवक अनोळखी मतदारांना हाताने पत्रं लिहितात, मी मत का देतो ते सांगतात. २०२०मध्ये त्यांनी १ कोटी ७० लाखांहून अधिक पत्रं पाठवली. असं पत्र मतदानाच्या आधी योग्य वेळी हातात पडलं तर उपयोग, दुसऱ्या दिवशी पडलं तर ती रद्दी. एनएएसीपीही न्यायालयात गेली आणि व्होट फॉरवर्डही. वॉशिंग्टनमध्ये न्यायाधीश एमेट सुलिव्हन यांनी टपाल खात्याला जादा फेऱ्या पुन्हा सुरू करायला लावल्या. मतदानाच्या दिवशी तर त्यांनी १२ टपाल विभागांतली केंद्रं धुंडाळून मतपत्रिका शोधायचा हुकूम दिला. मी बातमी वाचत होतो आणि डोळ्यांसमोर आमची रात्रपाळी होती. साहेब येऊन म्हणायचे, प्रत्येक खण हाताने चाचपा, प्रत्येक थैली उलटी करून झाडा.

तिथल्या टपाल कर्मचाऱ्यांबद्दल मला मनापासून सांगायचं आहे. त्यांनी ती निवडणूक तारून नेली. खात्याच्या आकड्यांप्रमाणे मतदारांनी पाठवलेल्या ९९.८९ टक्के मतपत्रिका सात दिवसांत पोचल्या. माणसांनी जिवाचं रान केलं म्हणून हा आकडा दिसतो. पण मत सात दिवसांत पोचलं म्हणजे मुदतीत पोचलंच, असं नाही. बऱ्याच राज्यांत मतदानाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत हाती आलेलंच मत मोजतात.

आणि ज्यांच्या दारी पोस्टमन येतच नाही, त्यांचं काय? अ‍ॅरिझोनात नवाहो या मूळनिवासी लोकांचा मोठा प्रदेश आहे. टपाल घ्यायला कित्येक मैल जावं लागतं, एक पेटी अनेक कुटुंबं वापरतात. २०२१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या खटल्यात न्यायमूर्ती एलेना केगन यांनी आपल्या विरोधी निकालपत्रात नोंदवलं, की तिथल्या ग्रामीण भागात घरपोच टपाल मिळणारे मूळनिवासी मतदार १८ टक्के, गोरे ८६ टक्के. अशा ठिकाणी शेजाऱ्याने चार घरची बंद पाकिटं गोळा करून नेणं ही साधी माणुसकी. अ‍ॅरिझोनाच्या कायद्याने तो गुन्हा ठरवला, आणि न्यायालयाने बहुमताने तो कायदा कायम ठेवला. मला हा निकाल अजून पटलेला नाही.

एनएएसीपीच्या खटल्यात डिसेंबर २०२१मध्ये तडजोड झाली. २०२८पर्यंत निवडणुकीच्या टपालाला अग्रक्रम देण्याचं खात्याने कबूल केलं. पण दरम्यान घडी बदलते आहे. टपाल आता मोठ्या प्रादेशिक केंद्रांवर नेऊन सॉर्ट करतात. २०२४ साली अटलांटाजवळ असं केंद्र सुरू झालं आणि जॉर्जियातलं टपाल महिनोन् महिने रखडलं. दूरच्या गावातलं टपाल त्याच संध्याकाळी न उचलता दुसऱ्या दिवशी उचलायची पद्धतही आली. तारखेचा शिक्का तर एरवी त्या केंद्रावर पोचल्यावरच बसतो. २४ डिसेंबर २०२५पासून खात्याने आपल्या नियमांतच लिहून टाकलं आहे, की शिक्क्यावरची तारीख म्हणजे पत्र आमच्या हाती आल्याची तारीख असेलच असं नाही.

काही राज्यं मतदानाच्या दिवसापर्यंतचा शिक्का पाहून मत धरत आली आहेत. तिथे हा एक दिवस म्हणजे अख्खं मत. आमच्या पिढीने शिक्क्याला सरकारची जबान मानलं. नियमातलं ते वाक्य वाचून मला रात्री झोप लागली नाही.

तुमचं कोणी तिकडे मतदार असेल तर एवढं कळवा. मत आठवडाभर आधी पाठवायचं. उशीर झालाच तर रस्त्यावरच्या पेटीत टाकायचं नाही. पोस्टात जाऊन काउंटरवर लिफाफा द्यायचा आणि हाताने शिक्का मारून मागायचा, त्याला पैसे पडत नाहीत. माझी मुलगी आता तसंच करते. शिक्का समोर उमटू देते, तारीख वाचते आणि मगच लिफाफा सोडते.

नमस्कार.