जयपूर पाहायला गेलेले मराठे

नमस्कार मंडळी. चिटणीसांनी मला विषय दिला होता ‘राजवाड्यांचं आणि किल्ल्यांचं शहर जयपूर’. हो म्हणून बसलो आणि मग वाटलं, समोरचे निम्मे लोक तर जयपूर करून आलेले असणार. सकाळी आमेर, दुपारी सिटी पॅलेस, हवामहलसमोर फोटो, संध्याकाळी जोहरी बाजारात लाखेच्या बांगड्या आणि एक रजई, की झालं जयपूर. मीही पहिल्या खेपेला तेच केलं, रजईसकट. तेव्हा आज मी तुम्हाला आपल्याच माणसांची एक जुनी सहल सांगणार आहे.

जानेवारी १७५१. मराठी फौजेचा तळ जयपूरच्या तटाबाहेर पडलाय. शहर नवंकोरं, पंचविशीसुद्धा न गाठलेलं. त्याचा गवगवा ऐकून तळावरचे लोक आत शिरले. देवदर्शन, थोडी खरेदी, नवं शहर बघणं. आपण करतो तेच. त्यांचं पुढे काय झालं ते सांगतो. आधी त्यांना काय दिसलं असेल ते बघू.

पहिलं म्हणजे त्यांना गुलाबी शहर दिसलं नाही. तो सरसकट रंग १८७६ मधला, इंग्लंडचा युवराज येणार म्हणून सवाई रामसिंगांनी लावून घेतलेला. हवामहलही नव्हता, तो १७९९ चा. म्हणजे आपण ज्या दोन गोष्टींसाठी जातो, त्या दोन्ही गैरहजर! मग होतं काय? रस्ते. हसू नका. गल्लीबोळांत वाढलेल्या माणसानं सूरजपोलापाशी उभं राहावं आणि नजर अडथळ्याशिवाय थेट चांदपोलाच्या दिशेनं जावी, ही गोष्ट त्या काळी केवढी! सवाई जयसिंगांनी १७२७ मध्ये आमेरच्या डोंगरातून राजधानी खाली मैदानात आणली. आखणीत त्यांच्या हाताशी विद्याधर भट्टाचार्य नावाचे बंगाली गृहस्थ होते. शहराच्या चौकड्या पाडल्या, मधून हमरस्ते काढले, रस्त्याच्या कडेला एका रांगेत दुकानं घेतली. २०१९ मध्ये युनेस्कोनं या तटबंदीतल्या शहराला जागतिक वारसा म्हटलं, ते मुख्यतः या आखणीसाठी. एकदा तरी सकाळी सातच्या आत, दुकानं उघडायच्या आधी, त्रिपोलिया बाजारातून चालत जा. शटर बंद असली की शहर दिसतं.

दुसरं, जंतर मंतर, म्हणजे सवाई जयसिंगांची वेधशाळा. इथे बहुतेक मंडळी वीस मिनिटांत बाहेर पडतात, कारण गाईड पाठ केलेलं घडाघडा बोलतो आणि ऊन डोक्यावर असतं. पण ऊन हवंच! ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी तिथे जाणं म्हणजे वीज गेल्यावर टीव्हीसमोर बसणं. सम्राट यंत्राची उंची सुमारे २७ मीटर; ती तिरकी भिंत म्हणजे घड्याळाचा काटा, तिची सावली बाजूच्या कमानीवर पडते. मी डिसेंबरच्या अखेरीस तिथे होतो. सावलीच्या कडेला बोट टेकवून उभा राहिलो. मिनिटभरात सावली सहा सेंटिमीटर सरकली, म्हणजे बोटाखालून निघून पुढे गेली. सावली चालताना अशी डोळ्यांनी दिसते, हे मला साठाव्या वर्षी कळलं. मनगटावरचं घड्याळ मात्र सत्तावीस मिनिटं पुढे होतं. शेजारी एक काका बायकोला म्हणाले, “बघ, बिघडलंय.” बिघडलेलं काही नाही. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखांशाची वेळ दाखवतं, हे यंत्र जयपूरच्या सूर्याची.

आणि या वेधशाळेच्या मागे एक मराठी माणूस आहे. पंडित जगन्नाथ सम्राट, जयसिंगांच्या पदरचे ज्योतिषी. त्यांनी अरबीवरून युक्लिडची भूमिती संस्कृतात आणली, तिचं नाव ‘रेखागणित’. टॉलेमीचा ग्रंथही त्यांनीच संस्कृतात उतरवला. गाईडच्या तोंडी हे नाव मी एकदाही ऐकलेलं नाही. तुम्ही जाल तेव्हा विचारून बघा.

आमेरला गेलात तर शीशमहालापाशी गर्दी असेलच. तो मिर्झाराजे जयसिंगांच्या काळचा; हे सवाई जयसिंगांचे पूर्वज. आपल्या पुस्तकातले मिर्झाराजे म्हणजे पुरंदरचा वेढा आणि १६६५ चा तह; त्यांच्यापलीकडे घरदार असलेला माणूस आपल्याला माहीतच नसतो. त्या आरशांखाली उभं राहिलं की एकदम जाणवतं, हे त्यांचं घर. इथून निघालेला हा माणूस पुरंदरच्या पायथ्याशी तळ ठोकून बसला, आणि १६६७ मध्ये बुऱ्हाणपूरला वारला; परत आलाच नाही. शिवाजीमहाराज आग्र्यात असताना मिर्झाराजांच्या मुलाच्या, रामसिंगांच्या माणसांनी तिथल्या बातम्या राजस्थानी पत्रांतून आमेरला कळवल्या. महाराज दिसायला कसे होते, याचं डोळ्यांदेखतचं वर्णन त्या पत्रांत आहे. आग्र्याची सुटका आपण लहानपणापासून ऐकतो, ती या लोकांच्या घरी डाकेनं येत होती. इथे थोडा वेळ बसा. बस सुटणार असेल तर सुटू द्या.

जयगड, नाहरगड सवडीनं करा. जयगडावरची ५० टनांची जयबाण तोफ लढाईत कधीच वाजली नाही, त्यामुळे ती अजून नव्यासारखी आहे.

आता परत त्या सहलीकडे.

जयपूरचं आणि आपलं आधी बरं चाललं होतं. १७३५ मध्ये बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई उत्तरेच्या यात्रेला गेल्या, तेव्हा सवाई जयसिंगांनी त्यांचा मोठा मान राखला. पुढच्याच वर्षी बाजीराव आणि जयसिंग समोरासमोर भेटले. १७४३ मध्ये जयसिंग गेले आणि गादीवरून ईश्वरीसिंग आणि माधोसिंग या भावांत जुंपली. आपले सरदार मध्ये पडले. कधी याच्या बाजूला, कधी त्याच्या, आणि दर वेळी खंडणीचा आकडा वाढलेला. यात न्याय कुठे होता हे मला विचारू नका. मी शोधलाय, सापडला नाही. १७५० च्या डिसेंबरात थकबाकीसाठी मल्हारराव होळकर चालून येतायत म्हटल्यावर ईश्वरीसिंगांनी विष घेतलं, नागाचा दंश करवून घेतला. राजानं असं मरावं, आणि ते आपल्या वसुलीपायी!

माधोसिंग गादीवर आले. मदत केलेल्या मराठ्यांनी हिशेब पुढे केला. जयपूरच्या लोकांच्या मनात काय खदखदत असेल ते ओळखा. आणि अशा वेळी आपली माणसं शहर बघायला आत गेली, हजारोंनी. तटाचे दरवाजे बंद झाले आणि कापाकापी सुरू झाली. हातात खरेदीची गाठोडी घेतलेली माणसं. काहींनी तटावरून उड्या टाकल्या, हातपाय मोडून घेतले. सुटले ते तेवढेच.

हे मला पहिल्या सहलीत कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला वाचून गेलो आणि त्रिपोलिया बाजाराजवळचा ईसरलाट चढलो. सात मजल्यांचा मनोरा, आत पायऱ्या नाहीत, गोल फिरत जाणारा चढ आहे. १७४९ मध्ये ईश्वरीसिंगांनीच तो विजयस्तंभ म्हणून बांधला, आणि ज्यांच्यावर विजय मिळवला त्यांत मराठेही होते. पुढच्याच वर्षी त्यांनी ते विष घेतलं. वर आलो तेव्हा माझ्याशिवाय एक कॉलेजातलं जोडपं होतं, बस्स. खाली तेच सरळ रस्ते, टोकाला दरवाजे. मी आपला त्या दरवाज्यांची अंतरं मोजत राहिलो: मध्यभागी खरेदी करणारा माणूस पळत सुटला तर कुठल्या दरवाज्याशी किती वेळात पोहोचेल. कुठल्याच नाही वेळेत.

हवामहल राहिला. तो बांधणारे सवाई प्रतापसिंग १७८७ मध्ये लालसोटला महादजी शिंद्यांशी लढलेले. तीनच वर्षांनी पाटणला त्यांची बाजू हरली, आणि नंतर नऊ वर्षांनी हा महाल. ९५३ झरोक्यांची ती दर्शनी भिंत रस्त्यावरून दिसते तेवढ्यावर थांबू नका. दार मागच्या बाजूला आहे, तिथून आत जा. वरचे मजले जेमतेम एका खोलीच्या रुंदीचे आहेत. झरोक्याला डोळा लावला की खाली अख्खा बाजार, आणि समोरच्या फुटपाथवर मान वर करून फोटो काढणारे आपले लोक.

ईसरलाटला जाताना सकाळी जा, आणि पाण्याची बाटली बरोबर ठेवा. चढ साधा वाटतो, पण गोल गोल फिरून डोकं गरगरतं.