सातपुड्याच्या रेखांशावरचा उपग्रह

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांत सातपुड्याच्या सोंडा एकमेकींत अशा गुंतल्या आहेत की टॉवर दिसतो, पण रेंज मिळत नाही, असे पाडे इथे सापडतात. टॉवरच्या लहरींना डोंगराची धार आडवी आली की पलीकडची दरी कोरडी राहते आणि माणसाला फोन घेऊन माथा गाठावा लागतो. रेशन दुकानातल्या पॉस मशीनवर टेकवलेल्या अंगठ्याची खातरजमाही दूरच्या संगणकाकडून उत्तर आल्यावरच होते. देशातली पहिली आधारपत्रे २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिली गेली. त्याच जिल्ह्याच्या डोंगरात अंगठ्याची ओळख रेंजअभावी अडावी, हे मनाला लागते.

विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहाला एका प्रदक्षिणेसाठी २३ तास ५६ मिनिटे लागतात. पृथ्वीही स्वतःभोवती तेवढ्याच वेळात फिरते, म्हणून जमिनीवरून पाहता हा उपग्रह आकाशात एकाच जागी असतो. इंटरनेट जोडणीसाठी बनवलेला इस्रोचा ५,८५४ किलो वजनाचा जीसॅट-११ हा असाच एक भूस्थिर उपग्रह. मार्च २०१८ मध्ये सोडलेल्या जीसॅट-६ए या उपग्रहाशी संपर्क तुटला, तेव्हा प्रक्षेपणासाठी फ्रेंच गयानातील कुरू येथे पोहोचलेला जीसॅट-११ जादा तपासणीसाठी भारतात परत आणला गेला. अखेर ५ डिसेंबर २०१८ रोजी एरियन-५ अग्निबाणाने त्याला अवकाशात नेले आणि पुढे तो ७४ अंश पूर्व रेखांशावर स्थिरावला.

अक्कलकुव्याचा रेखांशही जवळपास तोच आहे. त्यामुळे इथून पाहता जीसॅट-११ बरोबर दक्षिणेला आणि क्षितिजापासून सुमारे ६५ अंश वर येतो. इतक्या उंच कोनाच्या आड डोंगराची धार सहसा येत नाही. ज्या दरीत टॉवर हतबल होतो, तिथूनही आकाशाचा तेवढा तुकडा मोकळा दिसतो.

आरोग्य उपकेंद्राच्या गच्चीवर उपग्रहाच्या लहरी झेलणारी छत्री (डिश अँटेना) बसवणारा तंत्रज्ञ होकायंत्राने दक्षिण धरतो, कोन मोजून तोंड वर उचलतो आणि मीटरवरचा आकडा पाहत बोल्ट अगदी थोडाथोडा फिरवत राहतो. सिग्नल सर्वांत जोरकस मिळाला की नट घट्ट आवळायचे, केबलच्या जोडावर पाणी शिरू नये म्हणून चिकटपट्टी गुंडाळायची, आणि खाली खोलीतल्या मोडेमचा दिवा स्थिर होईपर्यंत थांबायचे.

जीसॅट-११ संपूर्ण देशावर लहरींचा एकच रुंद झोत टाकत नाही. त्याचे ३२ अरुंद झोत भारताचा वेगवेगळा भाग व्यापतात आणि एकमेकांपासून दूर असलेल्या झोतांत त्याच लहरी पुन्हा वापरता येतात. १६ गिगाबिट प्रतिसेकंद ही क्षमता त्यातूनच उभी राहते. १९ नोव्हेंबर २०२४ रोजी सोडलेल्या जीसॅट-एन२ ची क्षमता तर ४८ गिगाबिट आहे. तरीही ती देशभर वाटली जाणारी शिदोरी आहे, हे विसरून चालणार नाही.

अंतराचाही हिशेब चुकत नाही. संदेशाला छत्रीपासून उपग्रहापर्यंत आणि तिथून खाली जमिनीवरच्या मुख्य उपग्रह केंद्रापर्यंत जायला सुमारे पाव सेकंद लागतो. उत्तर परत येईपर्यंत अर्धा सेकंद होतो. डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलताना ही फट जाणवते, मात्र रुग्णाचा अहवाल पाठवायला किंवा अंगठ्याची खातरजमा करायला तिची अडचण होत नाही. पावसाची अडचण मोठी आहे, कारण मुसळधार सरींत उपग्रहाच्या केयू नावाच्या पट्ट्यातल्या लहरी क्षीण होतात, त्याहून आखूड लहरींच्या केए पट्ट्यातल्या त्याहूनही अधिक, आणि रस्ते तुटण्याचे दिवस नेमके तेच असतात.

जळगावच्या केळीच्या पट्ट्यात किंवा धुळ्याच्या महामार्गालगत फायबर सहज पोहोचते, तिथे उपग्रहाची क्षमता खर्ची घालण्यात अर्थ नाही. ती आधी दरीतल्या उपकेंद्राला, आश्रमशाळेला, रेशन दुकानाला मिळावी, आणि फायबर ओढता न येणाऱ्या गावातल्या छोट्या टॉवरला छत्रीने जोडून तिथल्या साध्या मोबाइललाही मिळावी. पण वीज गेली की छत्री मुकी होते. म्हणून तिच्यासोबत सौरपट्टी आणि बॅटरी हवी, आणि वाऱ्याने तोंड हलले तर ते पुन्हा दक्षिणेला लावू शकणारा, त्याच पाड्यावरचा शिकवून तयार केलेला तरुण हवा. जिल्ह्याच्या गावातून माणूस येण्याची वाट पाहायची झाली, तर पावसाळ्यात ती जोडणी आठवडेच्या आठवडे बंद पडून राहू शकते.