बुजलेल्या तळ्यांच्या वाटेनं

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापूरला पाहुणा आला की आपण त्याला अंबाबाई दाखवतो, रंकाळा दाखवतो, न्यू पॅलेस दाखवतो, आणि तांबडा-पांढरा रस्सा वाढून मोकळे होतो. मी मात्र अधूनमधून रविवारी दहा-बारा जणांना घेऊन पेठांतनं पायी हिंडतो आणि सगळ्यांना आधी उभं करतो ते शिवाजी पेठेतल्या गांधी मैदानावर. क्रिकेट खेळणारी पोरं, कडेला लावलेल्या गाड्या. "हितं काय बघायचं?" असा चेहरा झाला की सांगतो, तुम्ही तळ्यात उभे आहात.

हे वरुणतीर्थ. तळं बुजवलं, मैदान झालं, तरी दर पावसाळ्यात पाणी आपल्या जुन्या घरी परत येतंच. एकदा मी हीच गोष्ट जुलैत सांगायला गेलो आणि घोट्याएवढ्या चिखलात उभं राहून सांगावी लागली. पुरावा वेगळा द्यावा लागला नाही.

जुन्या नोंदींत कोल्हापूर हे एक गाव नव्हतंच. ब्रह्मपुरी, उत्तरेश्वर, खोलखंडोबा, रंकाळा, पद्माळा आणि रावणेश्वर या सहा वस्त्या जवळ येत येत हे शहर झालं. यातली निम्मी नावं पाण्याची. रावणेश्वराच्या तळ्यावर आज शाहू स्टेडियम आहे. फुटबॉलच्या मॅचला तिथं बसून आरडाओरडा करणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, देव जाणे.

तिथून कपिलतीर्थ. मंडईत मेथीची जुडी घासाघीस करून घेताना कुणी 'तीर्थ' या शब्दापाशी थांबत नाही. पण भाजीच्या पाट्यांमधनं वाट काढत आत गेलात तर कपिलेश्वराचं देऊळ लागतं. हा कोल्हापूरचा ग्रामदेव. अंबाबाईच्या दारात रांग आणि ग्रामदेवाच्या दारात कोथिंबीर, असा आपला कारभार! मला तो आवडतो.

मग बाबुजमाल दर्गा. आत शिरण्याआधी मान वर करून दाराची चौकट बघा. तिथं गणपती आहे. नवीन माणूस चमकतो, पेठेतला माणूस म्हणतो, "आहे की, त्यात काय?"

पुढं गंगावेस. वेस कधीच पडली, पण नाव कुणाला पाडता आलं नाही. संध्याकाळी आलात तर दूध कट्ट्यावर म्हैस पुढ्यात उभी असते. ग्लासात थेट धार पडते, फेसासकट. मंडळी तिथं इतकी रमतात की पुढचा टप्पा अंधारात उरकावा लागतो. खोलखंडोबाला तर पायऱ्या उतरून खाली जायचं असतं, म्हणून मोबाईलची बॅटरी चार्ज करून या.

शेवट ब्रह्मपुरीच्या टेकडीवर, खाली पंचगंगा. 1945-46 मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकळिया आणि दीक्षित यांनी इथं उत्खनन केलं, तेव्हा सातवाहनकाळातली भरभराटीची वस्ती उजेडात आली. याच टेकडीनं पोसायडनची कांस्यमूर्ती दिली, म्हणजे समुद्राचा ग्रीक देव. मूर्ती तळहातावर मावेल एवढीच. आज टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. बागेत फिरायला जाता तसं कधी आतही जा.

समुद्र तर घाटाखाली राहिला, मग हा देव इथवर आला कसा? कोकणातल्या बंदरांतनं माल घाट चढून वर येत असे, त्या व्यापाऱ्यांबरोबर आला असणार, असं मी मागच्या खेपेला समजावून सांगत होतो. सोबत उत्तरेश्वर पेठेतल्या एक आजी होत्या. त्यांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "एवढ्या लांबनं आलाय, म्हणजे अंबाबाईच्या दर्शनालाच आला असंल की वो."

मी पुढचं भाषण आवरतं घेतलं.