वाळवंटातल्या रणगाड्याचा रंग

श्रोतेहो, नमस्कार.

इतिहासातल्या लढाया टेबलावर मांडून, ठरलेल्या नियमांनी पुन्हा खेळण्याचा एक छंद आहे आणि त्यात मला सर्वांत प्रिय आहे ते दुसऱ्या महायुद्धातल्या उत्तर आफ्रिकेच्या मोहिमेतले छोटे रणगाडे जोडून रंगवण्याचे काम. वाळवंट म्हटले की पिवळा रंग फासून मोकळे व्हायचे, अशी सवय अनेकांना असते. पण तिथल्या रणगाड्यांचे रंग वर्षावर्षाला, कधी काही महिन्यांतच बदलत गेले, आणि म्हणून ब्रश हाती घेण्याआधी आपण कोणत्या तारखेची लढाई मांडणार आहोत, हे ठरवणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

ब्रिटिशांचा मॅटिल्डा रणगाडा घेऊ. ९ डिसेंबर १९४० रोजी इजिप्तमध्ये सिदी बर्रानीजवळच्या निबेवा या इटालियन छावणीवर चौथ्या भारतीय डिव्हिजनचे पायदळ आणि सातव्या रॉयल टँक रेजिमेंटचे मॅटिल्डा रणगाडे चालून गेले, तेव्हा इटालियन तोफांना मॅटिल्डाचे ७८ मिलिमीटरपर्यंत जाड असलेले पुढचे कवच भेदता आले नाही. १/१०० या प्रमाणात हा रणगाडा जेमतेम ५६ मिलिमीटर लांब होतो आणि ते जाडजूड कवच पाऊण मिलिमीटरच्या आसपास येते. एवढ्याशा पृष्ठभागावर त्या काळची ‘कॉन्टर’ नावाने ओळखली जाणारी रंगरचना उतरवायची असते. तिच्यात फिकट दगडी, हिरवट छटेचा रुपेरी करडा आणि गडद पाटीसारखा करडा असे तीन रंग असत. त्यांचे पट्टे सरळ कडांचे आणि तिरके असत, जेणेकरून दुरून पाहणाऱ्याला रणगाड्याची बाह्यरेषाच उमगू नये. पुढे पुन्हा रंगवलेल्या काही रणगाड्यांवर आणि बऱ्याच चित्रांत मधला रंग चक्क आकाशी निळा दिसतो, आणि तो पाहून रंगवलेले मॉडेल कितीही देखणे झाले तरी मला ते पटत नाही.

काम सुरू करताना सुटे भाग साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवावेत, कारण साच्यातून आलेला तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. साच्याच्या जोडाच्या उंचावलेल्या रेषा बारीक कानशीने किंवा सँडपेपरने घासून काढाव्यात. आपल्याकडे मुंबई-कोकणात पावसाळ्यात डब्यातला स्प्रे प्रायमर, म्हणजे रंग धरण्यासाठी आधी द्यायचा अस्तराचा थर, मारू नये. दमट हवेत त्यावर पांढुरकी साय धरते. त्या दिवसांत ब्रशने लावायचा प्रायमर बरा.

प्रायमर वाळला की आधी सबंध रणगाड्याला फिकट दगडी रंग द्यावा, मग पेन्सिलीने पट्ट्यांच्या कडा आखाव्यात, त्यानंतर मधला आणि शेवटी सर्वांत गडद रंग भरावा. रंग बाटलीतून जसाच्या तसा न वापरता त्यात थोडा पांढरा मिसळावा, कारण छोट्या वस्तूवर खरी छटा हवी त्यापेक्षा गडद दिसते, आणि खेळाडू टेबलावरचे रणगाडे हातभर अंतरावरून पाहतात. मग तपकिरी रंग अगदी पातळ करून खाचांत सोडावा आणि कोरड्या ब्रशने फक्त उंचवट्यांवर धुळीची फिकट छटा द्यावी. इथे हात आवरता आला पाहिजे. धूळ सगळीकडे सारखी थापली की तिन्ही रंगांची मेहनत तिच्याखाली गाडली जाते. गंजाच्या बाबतीत तर मी फारच कडक आहे: वाळू आणि खडीवरून सतत घासत जाणारे रणगाड्याच्या चाकांवरचे धातूचे पट्टे उघड्या पोलादासारखे चकाकतात, त्यांना ओल्या युरोपातला गंज लावणे चूकच.

जर्मन रणगाडे मार्च १९४१ पासून लिबियातल्या त्रिपोलीत उतरू लागले, तेव्हा ते युरोपातल्याच गडद करड्या रंगाचे होते. वाळवंटासाठी पिवळसर तपकिरी रंगाचा हुकूम नंतर आला. म्हणून त्या वसंत ऋतूतला पँझर तीन हा जर्मन रणगाडा रंगवताना पिवळसर थराखालून, विशेषतः कडांवर आणि झाकणांपाशी, करडा रंग डोकावू द्यावा. नोव्हेंबर १९४१ च्या ‘क्रुसेडर’ मोहिमेसाठी ब्रिटिश रणगाड्यांवर पांढरा-लाल-पांढरा ओळखपट्टा हवा. आणि ऑक्टोबर १९४२ च्या एल अलामेनसाठी तर आणखी एक गंमत करता येते: शत्रूला फसवण्यासाठी ब्रिटिशांनी रणगाड्यांवर ट्रकच्या आकाराचे कापडी सांगाडे चढवले होते. पातळ तार आणि डिंकात भिजवलेला टिश्यूपेपर एवढ्यावर तो सांगाडा छान उभा राहतो.

मराठी खेळाडूंनी मात्र लिबियातल्या तोब्रुकची जून १९४२ ची लढाई एकदा तरी मांडावी. २० जून रोजी जर्मन-इटालियन फौजांचा मुख्य हल्ला तटबंदीच्या आग्नेय बाजूला, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण जिथे होती तिथेच झाला आणि दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडले. या लढाईसाठी जर्मन रणगाड्यांवर करडा रंग दाखवायची गरज नाही. पिवळसर तपकिरी थर, उन्हाने फिकटलेला आणि घासून गेलेला, एवढेच पुरे. मराठा सैनिकांना खाकी सुती शर्ट आणि अर्ध्या विजारी द्याव्यात, आणि रणगाड्यांइतकाच वेळ त्यांच्या चेहऱ्यांना द्यावा.