‘आधी का नाही सांगितलंस?’

आयोजकांनी विषय दिलाय लैंगिक अत्याचारातून मुलांचं सावरणं, आणि त्यावर मी येणारच आहे. पण आधी एका प्रश्नाबद्दल बोलू द्या. तो इतक्या घरांत विचारला जातो की आता मला त्याचा राग येतो. ‘मग आधी का नाही सांगितलंस?’

अशाच एका कार्यक्रमानंतर एक बाई भेटायला थांबल्या. पन्नाशीच्या असतील. म्हणाल्या, ‘आठ वर्षांची होते. आई वेणी घालत होती. मी म्हटलं, मला शिकवणीला नाही जायचं. आई म्हणाली, मान हलवू नकोस. मी म्हटलं, सगळे गेले की सर मला थांबवून घेतात. आई म्हणाली, गणित कच्चं आहे तुझं, म्हणून थांबवत असतील. रिबन बांधून झाली आणि मी गेले.’ पुढे कित्येक वर्षांनी आईला सगळं कळलं, तेव्हा तिनं हाच प्रश्न विचारला. बाई म्हणाल्या, ‘सांगितलं होतं हो मी. दोनदा.’

मुलं अशीच सांगतात. तुकड्यातुकड्यानं, आपण कामात असताना, आपला चेहरा न्याहाळत. पोट दुखतंय. तिथे झोपायचं नाही. ते काका नको. आपण काय म्हणतो त्यावर पुढचं वाक्य येणार की गिळलं जाणार, हे ठरतं. रोलंड समिट या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञानं 1983 साली हा क्रम मांडला: गुपित, असहायता, जुळवून घेणं, उशिरा आणि अडखळत सांगणं, आणि घरात गहजब झाला की सांगितलेलं मागे घेणं. मूल म्हणतं, ‘मी खोटं बोललो,’ आणि मोठ्यांचा जीव भांड्यात पडतो! मागे घेतलं म्हणजे घडलंच नाही, असं कृपा करून धरू नका. त्रास देणारा बहुतेक वेळा ओळखीचा असतो, कधी मुलाचा लाडकाही. आणि ‘ओरडला का नाहीस’ हेही विचारू नका. भीतीनं अंग गोठतं, आवाज फुटत नाही. मुलग्यांचंही तेच होतं, त्यांना तर आपण विचारतही नाही.

चिठ्ठी आलीय, वेळ संपत आलाय. तर भराभर सांगतो.

मुलानं सांगितलं की म्हणा, ‘सांगितलंस ते बरं केलंस. तुझी काही चूक नाही.’ ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण सांगावं लागणार आहे. त्या माणसापासून मुलाला लगेच दूर करा, डॉक्टरांकडे न्या, तक्रार करा. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा, पण उलटतपासणी घेऊ नका. आइसलंडमध्ये 1998 पासून ‘बार्नाहूस’ म्हणजे मुलांचं घर आहे. तिथे एकच प्रशिक्षित माणूस मुलाशी बोलतो, बाकीचे दुसऱ्या खोलीतून ऐकतात. त्यामुळे तेच तेच दहा जणांना सांगावं लागत नाही. तपासणी आणि उपचारही त्याच छताखाली होतात.

उपचारांनी मुलं सावरतात. आघातावर काम करणाऱ्या समुपदेशनात आईवडिलांनाही सोबत घेतात, कारण मूल उरलेला सगळा वेळ त्यांच्यापाशीच असतं. मोठेपणी बोलणाऱ्यांनाही मदत मिळते, उशीर झाला असं नसतं. त्यांना ‘माफ कर, विसरून जा’ असं सांगू नका. आणि घरच्या कार्यात त्या माणसाला बोलावून त्यांच्यासमोर बसवू नका.