अंगणातला सांधा

(जांभ्याचं घर. समोर उकरलेलं अंगण, कडेला लाद्यांच्या थप्प्या.)

देवरुखजवळचं हे घर. भिंती जांभ्याच्या, वर कौलं आणि दारात आजवर सारवलेलं अंगण. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पावसाळा सरला की अंगण नव्यानं चोपायचं, सारवायचं. आजींच्या गुडघ्यांना आता ते झेपत नाही. म्हणून या लाद्या आल्या. काँक्रीटच्या, पण वर विटांची नक्षी.

दोन नमुने समोर आहेत. डावीकडच्या लादीवर विटा एकाआड एक सरकवलेल्या, भिंतीत असतात तशा. एकटी ठेवली तर देखणी. पण अशा दोन शेजारी आल्या की कडेच्या अर्ध्या विटा समोरासमोर येतात आणि दर फुटावर सरळ रेघ उठते. मग अंगणभर चौकोनच दिसतात. उजवीकडे चटईची वीण आहे, दोन विटा आडव्या, दोन उभ्या. फुटाच्या लादीत सहा बाय तीन इंचांच्या आठ विटा नेमक्या बसतात आणि लादीची कड विणीच्याच रेघेवर येते. गवंडीकाकांनी हीच घेतली.

एक लादी त्यांनी मुद्दाम फोडली. लाल रंग आत उतरलाय, वरून फासलेला नाही. मग दोन लाद्या तोंडाला तोंड लावून कडा पाहिल्या. छटा थोडी इकडेतिकडे होतेच, म्हणून हातात येणारी प्रत्येक लादी वेगळ्या थप्पीतली.

खाली मुरूम धुमसलेला, पाच फुटांना एक इंच ढाळ, घरापासून बाहेर. लादीखाली माल सगळीकडे पसरलेला. चार कोपऱ्यांना चार गोळे ठेवले तर मध्ये पोकळी राहते.

आता सांधे. या कामासाठी आम्ही इथे दोन दिवस थांबलो.

नक्षीतल्या खोट्या फटी आठ मिलिमीटर रुंद आहेत. दोन लाद्यांमधला खरा सांधाही तेवढाच हवा, म्हणून प्रत्येक फटीत प्लायवूडची चीप. सांधे भरायचा माल सिमेंट एकास वाळू तीन, त्यात चिमूटभर लाल ऑक्साइड. ओला माल गडद दिसतो, म्हणून काकांनी आदल्या दिवशीच तीन नमुने वाळवून ठेवले आणि लादीशेजारी धरून रंग ठरवला.

काकांची मूठ पाहा. माल दाबला की लाडू वळतो, पण बोटांतून पाणी गळत नाही. इतकाच ओलावा. थापीच्या टोकानं आधी तळाचा थर ठासायचा, मग वरचा, आणि शेवटी वाकवलेली सळई एका दमात ओढायची. खोटी फट पाच मिलिमीटर खोल, तर खऱ्या सांध्यातला मालही पाच मिलिमीटर खालीच थांबतो. सांडलेला कण लगेच पुसायचा नाही. तो थोडा सुकू द्यायचा आणि मऊ ब्रशनं उचलायचा. ओल्या फडक्यानं पुसलं की सिमेंट नक्षीत शिरतं.

(निवेदन थांबतं. सळईचा आवाज. आजी ओट्यावर बसून पाहताहेत.)

सिमेंटचा पातळ घोळ ओतून झाडूनं फिरवला असता, तर हे सगळं एका दुपारी उरकलं असतं. घाईत असलेली माणसं तेच मागतात आणि गवंडी तेच देतो. या हाताला मात्र दोन दिवस द्यायला हवेत, मजुरीसह. घोळाच्या अंगणाला राखाडी पापुद्रा येतो, भेगा पडतात, पाणी खाली शिरून लादी हलू लागते.

संध्याकाळी ओली गोणपाटं अंथरली. सात दिवस त्यांवर पाणी मारायचं.

(जून. कौलांवरून पागोळ्या. लाद्यांवरून पाणी माडांच्या आळ्यांकडे वाहतं. आजी अनवाणी अंगणात उतरतात.)